एपिनेफ्रिनचं बिल: मिलिग्रॅम, मांडी आणि मॉडिफायर

पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट वाचणारी आणि त्यांचे क्लेम तयार करणारी मराठी मुलंमुली आता कमी नाहीत. सीपीसी ही कोडिंगची परीक्षा नुकतीच पास होऊन प्रॉडक्शनला बसलेल्या नवख्यांना मी एका औषधापाशी हमखास अडखळताना पाहते. ते औषध म्हणजे एपिनेफ्रिन, आपल्याकडच्या डॉक्टरांच्या बोलण्यातलं अ‍ॅड्रेनलिन. शेंगदाण्याच्या, मधमाशीच्या किंवा पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीने घसा आवळू लागला, रक्तदाब घसरू लागला, की सगळ्यात आधी द्यायचं औषध हेच.

डोस एवढासा, वायलही छोटी, म्हणून क्लेमही सोपा असेल असं वाटतं. पण अ‍ॅनाफिलॅक्सिसचा रुग्ण समोर असतो तेव्हा खोलीत धावपळ असते. नर्स आधी सुई टोचते आणि मग लिहिते, आणि तेच योग्य आहे. चार्टमध्ये उतरतात त्या तुटक ओळी. त्या ओळींतून किती मिलिग्रॅम दिलं, कोणत्या मार्गाने दिलं, ते कोणाच्या पैशाने आणलेलं होतं आणि रिअ‍ॅक्शन कशामुळे आली, एवढं नीट काढता आलं तर क्लेम उभा राहतो. म्हणून कोड पाठ करण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा नोट वाचायला शिका.

मिलिग्रॅमपासून युनिटपर्यंत

सर्वाधिक चुका युनिटमध्ये होतात, म्हणून तिथेच जास्त थांबू.

कित्येक वर्षं सगळ्यांच्या तोंडी असलेला कोड म्हणजे जे०१७१. २०११ मध्ये तो आला आणि त्याची व्याख्या ०.१ मिलिग्रॅमची होती. त्याआधीचा जे०१७० हा एक मिलिलिटरपर्यंतच्या अँप्यूलसाठी होता, म्हणजे एक अँप्यूल म्हणजे एक युनिट असा जुना हिशोब होता. नव्या व्याख्येत तो चालत नाही. मोठ्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम दिलं तर युनिट तीन, ०.५ दिलं तर पाच. एक ऑटो-इंजेक्टर पेन वापरलं म्हणून एक युनिट टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याने दवाखान्याला एक तृतीयांशच पैसे मिळतात. उलट दशांश चिन्ह डोळ्यांआड गेलं आणि तीस युनिट गेले, तर प्रकरण ऑडिटपर्यंत पोचू शकतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सीएमएस ही संस्था एचसीपीसीएसची यादी दर तिमाहीला बदलते. अलीकडे एकाच औषधाच्या वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाला वेगवेगळे जे कोड देण्याकडे तिचा कल आहे, आणि एपिनेफ्रिनही त्यातून सुटलेलं नाही. या लेखात जे०१७१ युनिटचा हिशोब समजावा म्हणून वापरला आहे. प्रत्यक्ष क्लेमवर मात्र उपचाराच्या तारखेला लागू असलेला आणि त्या उत्पादकाच्या मालाला बसणारा कोडच टाका. याच धावपळीत बऱ्याचदा दिल्या जाणाऱ्या मिथाइलप्रेडनिसोलोनचं उदाहरण बघा. पूर्वी १२५ मिलिग्रॅमपर्यंतचा डोस जे२९३० मध्ये एका युनिटात बसायचा. २०२४ मध्ये तो कोड गेला आणि ५ मिलिग्रॅमच्या व्याख्येचा जे२९१९ आला. तोच १२५ मिलिग्रॅमचा डोस आता पंचवीस युनिट होतो. जुन्या सवयीने एक टाकणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

आता नोटमधली भाषा. जुने डॉक्टर अजून लिहितात, '०.३ सीसी, १:१०००'. अमेरिकेत लेबलवरचं हे गुणोत्तर २०१६ मध्ये काढून टाकलं, कारण त्यातून डोसच्या घातक चुका होत होत्या. पण लिहिणाऱ्यांच्या हातातून ते गेलेलं नाही. १:१००० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, म्हणून ०.३ मिलिलिटर म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. १:१०,००० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम, आणि तिथे तेच ०.३ मिलिलिटर म्हणजे जेमतेम ०.०३ मिलिग्रॅम. पातळ द्रावणाची ती मोठी सिरिंज हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी क्रॅश कार्टवर असते. नोटमध्ये नुसतं '०.३ सीसी' असेल आणि द्रावण किती तीव्रतेचं ते लिहिलेलं नसेल, तर अंदाज करू नका. औषध दिल्याची नोंद, म्हणजे एमएआर, उघडा आणि तिथला आकडा घ्या.

लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. बाजारातली पेनं मात्र ठरावीक मापाची असतात: एपिपेन ०.३, एपिपेन ज्युनियर ०.१५, आणि ऑव्ही-क्यूमध्ये याखेरीज तान्ह्या बाळांसाठी ०.१ सुद्धा. ०.१५ चे युनिट दीड होतात, पण क्लेमवर दीड लिहिता येत नाही. वरचा पूर्ण आकडा घ्यायचा, म्हणजे दोन.

उरलेलं औषध

एक मिलिलिटरच्या वायलमध्ये १ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे दहा युनिट. त्यातले तीन रुग्णाच्या मांडीत गेले. वायल एकाच रुग्णासाठी असेल तर उरलेले सात टाकून द्यावे लागतात, आणि दवाखान्याने पैसे पूर्ण वायलचे मोजलेले असतात. मेडिकेअर पार्ट बी या सातांचेही पैसे देतं, पण त्यासाठी दोन ओळी लागतात. पहिल्या ओळीत तीन युनिट. दुसऱ्या ओळीत तोच कोड, सात युनिट आणि जेडब्ल्यू मॉडिफायर. काहीही वाया गेलं नसेल तर जेझेड लावून तसं सांगावं लागतं. १ जुलै २०२३ पासून तो सक्तीचा आहे. जेडब्ल्यू नाही आणि जेझेडही नाही, असा क्लेम परत येतो.

टाकून दिलेल्या औषधाची नोंद चार्टमध्ये हवीच. '१ मिलिग्रॅमच्या सिंगल डोस वायलमधून ०.३ दिलं, ०.७ टाकलं', एवढं एक वाक्य पुरतं. ते नसेल तर सात युनिट मागू नका. लहान मुलाला वायलमधून ०.१५ दिलं असेल आणि आपण वर नेऊन दोन लिहिले असतील, तर वाया गेलेले आठच लिहायचे, कारण दोन ओळींची बेरीज वायलच्या दहाच्या पुढे जाता कामा नये. त्याच वायलमधून दहा मिनिटांनी त्याच रुग्णाला दुसरा ०.३ दिला असेल तर दिलेले सहा आणि वाया गेलेले चार. तीस मिलिलिटरची वायल अनेक रुग्णांसाठी असते. तिला या दोन्ही मॉडिफायरांचा संबंध नाही. हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण क्लेमवर औषधाचे पैसे बहुधा मोठ्या पॅकेजमध्येच धरलेले असतात, त्यामुळे तिथेही हा प्रश्न येत नाही.

पेनाबाबत एक शंका हमखास विचारली जाते. एपिपेन वापरल्यावर आत बरंच द्रव शिल्लक दिसतं. ते खरंच असतं, सुमारे १.७ मिलिलिटर, आणि कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे की ते वापरता येत नाही. पण ते वाया गेलेलं औषध धरायचं नाही. लेबलवर ०.३ मिलिग्रॅम आहे, तेवढं रुग्णाला मिळालं, म्हणून तीन युनिट आणि जेझेड.

एनडीसीबद्दल थोडक्यात. खोक्यावरचा क्रमांक दहा अंकी असतो आणि क्लेमवर अकरा अंकी, ५-४-२ अशा मांडणीत जातो. ज्या गटात अंक कमी आहे त्याच्या सुरुवातीला शून्य घाला. एपिपेनच्या जोडीवर ४९५०२-५००-०२ छापलेलं असतं, त्यात मधला गट तीन अंकी आहे, म्हणून ४९५०२-०५००-०२. क्रमांकाच्या आधी एन४ आणि नंतर माप, वायलसाठी मिलिलिटर आणि पेनासाठी नग. जे कोडचे युनिट आणि एनडीसीचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाचा आकडा दुसऱ्यात टाकला तर क्लेम पहिल्याच गाळणीत अडकतो.

टोचलं कोणी, कुठे आणि कोणाचं

औषधाचा कोड वेगळा आणि टोचण्याचा वेगळा. स्नायूत किंवा त्वचेखाली दिलं तर ९६३७२, शिरेतून झटकन दिलं तर ९६३७४, सलाइनमधून हळूहळू दिलं तर ९६३६५. ड्रिप पंधरा मिनिटं किंवा त्याहून कमी चालली असेल तर ती इन्फ्यूजन धरत नाहीत, पुश धरतात. म्हणून सुरू आणि बंद केल्याची वेळ नोटमध्ये शोधा. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये एपिनेफ्रिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात, त्यामुळे बहुतेक वेळा ९६३७२ च येईल. पण 'येईल' म्हणून टाकू नका. मार्ग, जागा, वेळ आणि देणाऱ्याची सही बघून टाका.

दवाखान्यात डॉक्टरांनी रुग्णाला तपासून निर्णयही घेतला असेल तर व्हिजिटचा कोड २५ मॉडिफायरसह जाईल. ९९२११ ही नर्सची छोटी व्हिजिट मात्र ९६३७२ बरोबर जोडता येत नाही. दुसरं इंजेक्शन दिलं असेल तर ९६३७२ पुन्हा, आणि पेयरच्या नियमाप्रमाणे ५९ किंवा ७६. रुग्ण अ‍ॅलर्जी शॉट घ्यायला आला होता, त्याचा ९५११७ लागला आणि वीस मिनिटांनी रिअ‍ॅक्शन आली, असं असेल तर एपिनेफ्रिनचं इंजेक्शन स्वतंत्र आहे हे ५९ ने सांगावं लागतं. नाहीतर दोन्ही टोचण्या एकच समजल्या जातात.

इमर्जन्सी रूममध्ये सगळा डाव बदलतो. तिथली सुई, औषध आणि नर्स हॉस्पिटलची. म्हणून इंजेक्शन आणि औषध हॉस्पिटलच्या यूबी-०४ फॉर्मवर जातं. डॉक्टरांच्या सीएमएस-१५०० फॉर्मवर ९९२८१ ते ९९२८५ मधला योग्य कोड जातो, किंवा रुग्ण खरोखर अत्यवस्थ असेल आणि डॉक्टरांचा किमान तीस मिनिटांचा वेळ नोंदलेला असेल तर ९९२९१. डॉक्टरांच्या बाजूचं काम करणाऱ्या टीमने ९६३७२ टाकला की तो परत येतोच. अँब्युलन्समध्ये दिलेल्या एपिनेफ्रिनचे पैसे मेडिकेअरमध्ये अँब्युलन्सच्या दरातच धरलेले असतात.

आणि रुग्णाने स्वतःचं पेन खिशातून काढलं, नर्सने ते त्याला टोचलं, तर? औषध दवाखान्याचं नव्हतं, त्याचा कोड लावायचा नाही. टोचण्याचं काम झालं, फक्त तेच मागायचं. 'पेशंट्स ओन एपिपेन' हे तीन शब्द नोटमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असतात. ते नजरेतून सुटले तर आपण न विकलेल्या औषधाचे पैसे मागितलेले असतात.

कशामुळे झालं

निदानाचे कोड बघताना आपल्या स्वयंपाकघरातलं ज्ञान कामी येतं. शेंगदाण्यामुळे अ‍ॅनाफिलॅक्सिस असेल तर टी७८.०१एक्सए. काजू, बदाम, अक्रोड असेल तर टी७८.०५एक्सए, आणि त्याच कोडात बियाही येतात, म्हणजे तीळसुद्धा. शेंगदाणा जमिनीत येतो, तो शेंगांच्या कुळातला, म्हणून त्याचं घर वेगळं. कोळंबी-खेकडा ०२ मध्ये, मासे ०३ मध्ये, दूध ०७, अंडं ०८. नोटमध्ये नुसतं 'नट अ‍ॅलर्जी' असेल तर वरच्या परिच्छेदात रुग्णाने काय खाल्लं ते बहुधा सापडतं. पण निदान जोडायचा अधिकार डॉक्टरांचा, आपला नाही.

औषध बरोबर दिलं होतं आणि तरी त्याचाच त्रास झाला, तर टी८८.६एक्सएक्सए आधी आणि त्या औषधाचा कोड नंतर, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन असेल तर टी३६.०एक्स५ए. लसीमुळे झालं तर टी८०.५२एक्सए. मधमाशीचा डंख विषाच्या प्रकरणात, टी६३.४४१ए. कारण समजलंच नाही तर टी७८.२एक्सएक्सए, पण तो शेवटचा पर्याय. मधले एक्स जागा भरण्यासाठी असतात आणि शेवटचा ए हे सक्रिय उपचार चालू असल्याचं सांगतो. एक्स गळाला की कोडच अवैध ठरतो. पूर्वी रिअ‍ॅक्शन आली होती आणि आज फक्त पेन लिहून घ्यायला रुग्ण आला आहे, तर हे टी कोड लागत नाहीत. तिथे झेड९१.०१० सारखे अ‍ॅलर्जी असल्याचे कोड येतात.

आता खरी अडचण. समजा नोट अशी आहे: चौतीस वर्षांची बाई, काजूची करी खाल्ल्यावर अंगभर गांधी, आवाज बसला, दम लागला, १०:४२ ला उजव्या मांडीत एपि ०.३ आयएम, १०:५५ ला श्वास मोकळा. आणि शेवटी निदानाच्या जागी दोनच शब्द, 'अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन'. वाचणाऱ्याला कळतं हे काय होतं. एपिनेफ्रिन दिलंय, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणून टी७८.०५एक्सए टाकायचा मोह होतो. टाकू नका. उपचारावरून निदान वर चढवणं हे कोडरचं काम नाही. आणि नुसता अ‍ॅलर्जीचा मोघम कोड टाकून क्लेम सोडणंही बरोबर नाही, कारण मग बिलात दिसतं की साध्या अ‍ॅलर्जीसाठी आणीबाणीचं इंजेक्शन दिलं, आणि बाईच्या पुढच्या सगळ्या कागदपत्रांत तिचा जीवघेणा प्रसंग अंगावर पुरळ आल्यासारखा राहतो.

अशा वेळी डॉक्टरांना क्वेरी पाठवा. ती कशी असावी याचे नियम एएचआयएमए आणि एसीडीआयएस या संस्थांनी मिळून घालून दिले आहेत. डॉक्टरांच्या तोंडी उत्तर घालायचं नाही आणि पैशाचा उल्लेख करायचा नाही. त्यांनीच नोंदलेली लक्षणं, वेळ आणि उपचार मांडायचे, आणि या प्रसंगाचं निदान स्पष्ट करावं अशी विनंती करायची. पर्याय द्यायचे तर त्यात 'अन्य' आणि 'ठरवता येत नाही' हेही असलेच पाहिजेत. टार्गेटच्या दबावाखाली क्वेरी टाळली जाते, हे मला माहीत आहे. टीम लीडने क्वेरीला गेलेला चार्ट त्या दिवसाच्या टार्गेटमधून वजा केला पाहिजे. हे मी कळकळीने सांगते.

घरी न्यायचं पेन

रुग्णाला घरी नेण्यासाठी पेन लिहून दिलं तर तो आपला क्लेम नव्हेच. तो फार्मसीचा, एनडीसीवर चालणारा, मेडिकेअरमध्ये पार्ट डीचा. त्याला जे कोड लावू नका. पण रुग्णाचा फोन बिलिंगला आला तर थोडी माहिती असलेली बरी. मायलन कंपनीने २००७ मध्ये एपिपेन घेतलं तेव्हा दोन पेनांची किंमत सुमारे शंभर डॉलर होती, २०१६ पर्यंत ती सहाशेच्या वर गेली आणि त्यावर अमेरिकी संसदेत सुनावणी झाली. टेव्हाच्या जेनेरिकला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. कोलोरॅडोने २०२४ पासून आणि इलिनॉयने २०२५ पासून त्या राज्यांच्या नियमांखालच्या विम्यात पेनांच्या जोडीवर रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेला साठ डॉलरची मर्यादा घातली आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या कोणाच्या मुलाला अ‍ॅलर्जी असेल तर त्यांनाही हे कळवा. बिलाच्या भीतीने मुदत संपलेलं पेन दप्तरात ठेवणारी घरं आहेत. २०२४ मध्ये मंजूर झालेला नेफी हा एपिनेफ्रिनचाच नाकात मारायचा फवारा आहे. त्यात सुई नाही, म्हणून ९६३७२ चा प्रश्नच नाही.

क्लेम परत आला तर

आधी कारणाचा कोड वाचा. सीओ ९७ म्हणजे हे काम दुसऱ्या कामात धरलेलं आहे. ५९ किंवा २५ राहिला का, किंवा इमर्जन्सी रूमच्या डॉक्टरांच्या बाजूने ९६३७२ गेला का, ते बघा. सीओ १६ म्हणजे माहिती अपुरी. एनडीसी, एन४, जेझेड तपासा. सीओ ११ म्हणजे निदान आणि उपचार जुळत नाहीत. तिथे बहुतेकदा मोघम अ‍ॅलर्जीचा कोड सापडतो.

आपलीच लिहिण्यातली चूक असेल, म्हणजे तीनच्या जागी एक, तर अपील करू नका. मेडिकेअरमध्ये रीओपनिंग मागा. खासगी विम्यात दुरुस्त क्लेम फ्रिक्वेन्सी कोड ७ आणि मूळ क्लेमच्या क्रमांकासह पाठवा. क्रमांक राहिला तर तो दुसराच क्लेम समजून डुप्लिकेट म्हणून परत येतो. चूक नसताना नाकारलं असेल तर मेडिकेअरकडे पहिलं अपील, रीडिटर्मिनेशन, निर्णय मिळाल्यापासून १२० दिवसांत करता येतं. त्यासोबत ऑर्डर, एमएआर आणि वाया गेलेल्या औषधाची ओळ असलेली नोट जोडा. आणि तीनच्या जागी तीस गेले आणि पैसेही आले, असं कधी सापडलं तर त्याच दिवशी वर कळवा. जास्तीचे पैसे लक्षात आल्यापासून साठ दिवसांत मेडिकेअरला परत करणं दवाखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या दिवसांची मोजणी सुरू होते ती बहुतेकदा तुमच्या त्या ईमेलपासून.